रात्रीची गोळी गोड का लागत होती: इंदूरमधल्या दोन नर्सिंग ब्यूरोंचा अनुभव

"दिवसा तू देतेस ती गोळी कडू लागते गं. रात्रीची गोड लागते."

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी तोंड पुसून देताना नाना, माझे सासरे, असं म्हणाले. दुखण्यानं तोंडाची चव गेली असेल, असं आधी मला वाटलं. मग हात थांबला. नानांची दुखण्यावरची गोळी मॉर्फीनची, आणि मॉर्फीन कडू असतं. पाण्यात विरघळवून चमच्यानं दिलं की नाना दर वेळी तोंड वाकडं करायचे आणि वर खडीसाखर मागायचे. गेल्या आठ-नऊ रात्रींत खडीसाखरेची वाटी जागची हलली नव्हती.

घरी नर्स पाठवणाऱ्या दोन ब्यूरोंबद्दल हे लिहिते आहे. दोघांचीही नावं देत नाही. पहिल्याची तक्रार पोलिसांत आहे आणि दुसऱ्याच्या सिस्टरनी नाव नको म्हणून सांगितलं. नावापेक्षा काय विचारायचं ते कळणं महत्त्वाचं आहे. ते मला कुणी आधी सांगितलं असतं तर नानांच्या नऊ रात्री वाचल्या असत्या.

नाना ७९ वर्षांचे, हुकुमचंद मिलमध्ये टाइमकीपर होते. मिल १९९१च्या डिसेंबरात बंद पडली आणि कामगारांची थकबाकी हातात यायला २०२३चा डिसेंबर उजाडला. बत्तीस वर्षं थांबून मिळालेल्या त्या पैशांतूनच नर्सचा खर्च करा, असा त्यांचा हट्ट होता. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरलेला, कुशीवर वळवलं तरी कण्हायचे. डॉक्टरांनी मॉर्फीनच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या सुरू केल्या होत्या: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन आणि संध्याकाळी सहाला एकेक, आणि रात्री दहाला दोन एकदम, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. दिवसाला सहा गोळ्या. गिळता येत नव्हतं म्हणून विरघळवून द्यायच्या. (साध्या गोळीचं असं चालतं. हळूहळू सुटणाऱ्या मॉर्फीनची गोळी मात्र कधी फोडायची नाही, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं.)

या गोळ्या सहज मिळत नाहीत. ज्या अफूपासून मॉर्फीन होतं ती पिकते आपल्याच माळव्यात, मंदसौर-नीमचकडे, सरकारी परवान्यानं. अफूतून मॉर्फीनसारखी औषधी द्रव्यं काढणारा सरकारी कारखानाही नीमचलाच आहे. पण १९८५च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकानं कित्येक वर्षं दुखण्यानं तळमळणाऱ्या माणसापर्यंत गोळी पोचत नव्हती. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा मान्यताप्राप्त रुग्णालयांची वाट थोडी मोकळी झाली. म्हणून घरात आलेला गोळ्यांचा प्रत्येक पत्ता (स्ट्रिप) मी जपत होते. बँकेत हेड कॅशियर म्हणून मी निवृत्त झाले आहे, मोजणं माझ्या हाडात आहे. रोज सकाळी पत्ते मोजून वहीत लिहायची आणि हिशेब रोज जुळायचा. एकही गोळी कमी नाही, चार्टवर प्रत्येक वेळेपुढे सही.

आता पहिला ब्यूरो. रुग्णालयातून सुटी मिळाली त्या दिवशी वॉर्डात कुणीतरी त्यांचं कार्ड हातात दिलं. फोनवरचे गृहस्थ फार गोड बोलायचे. "सब वेरिफाइड स्टाफ है आंटी, बेफिकर रहिए." नोंदणीचे अडीच हजार, रात्री आठ ते सकाळी आठच्या ड्यूटीचे तेराशे रुपये. मी विचारलं ते एवढंच: रोज वेळेवर येईल का, सुटी घेतली तर बदली मिळेल का, कॅथेटर सांभाळता येतं का. कागद मागितले नाहीत. गळ्यात ब्यूरोचं ओळखपत्र होतं, त्यावर फोटो आणि 'जीएनएम', म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, ही अक्षरं होती. तेवढ्यावर मी दार उघडलं.

आलेला ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होता. कामात तो चांगला होता, हे लिहायलाच हवं. त्याचे हात हलके होते. नानांना कुशीवर वळवताना पाठीखाली चादर कशी सरकवायची ते मी त्याच्याकडूनच शिकले. एका रविवारी त्यानं आपणहून त्यांचे केस धुऊन दिले. नाना त्याला "बेटा" म्हणायला लागले होते. म्हणूनच मला इतके दिवस कळलं नाही. वाईट माणूस वाईट वागतो, अशी आपली समजूत असते आणि आपण तेवढंच शोधत राहतो.

रात्री नानांचं कण्हणं वाढलं होतं. तो म्हणायचा, "आंटी, इनको अब डोज कम पड़ रहा है, डॉक्टर साहब से बात कर लो." मी बोललेसुद्धा. डॉक्टर रात्रीच्या दोनच्या तीन गोळ्या करणार होते, उद्या सकाळी पक्कं सांगतो म्हणाले. ती सकाळ म्हणजेच संक्रांतीचा आदला दिवस. नाना बोलले आणि मी डॉक्टरांना एवढंच कळवलं की दोन दिवस थांबा. आज त्या गोष्टीनं अंगावर काटा येतो. मात्रा वाढवली असती आणि एखाद्या रात्री दुसऱ्या कुणी प्रामाणिक माणसानं ती पुरती दिली असती, तर ज्याला रात्री शून्य गोळ्या मिळत होत्या त्याच्या पोटात एकदम तीन गेल्या असत्या. म्हाताऱ्या माणसाचा श्वास मंदावायला तेवढं पुरतं.

त्या रात्री मी स्वयंपाकघरात दिवा बंद करून उभी राहिले. दहाला त्यानं आमच्या पत्त्यातून दोन गोळ्या काढल्या, कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवल्या. आपल्या बॅगेतून दुसरा पत्ता काढला, त्यातल्या दोन वाटीत विरघळवल्या, नानांना चमच्यानं पाजल्या, तोंड पुसलं, चार्टवर सही केली. मग नानांच्या पायांवर पांघरूण नीट केलं. तो पत्ता आम्लपित्ताच्या चघळायच्या गोळ्यांचा होता, हे सकाळी कळलं.

हिशेब रोज जुळत होता तो असा. चाळीस वर्षं नोटा मोजलेल्या बाईला बंडलात खोटी नोट असू शकते हे सुचलं नाही, याचं दुःख आहे.

सहाची गोळी मी स्वतः दिली. आठ वाजता तो निघताना खिशात काय आहे विचारलं. तो मटकन खाली बसला आणि रडायला लागला. "बेचता नहीं हूँ आंटी, मुझे लत लग गई है." हॉस्पिटलच्या रात्रपाळ्यांत पाठ धरली तेव्हा दुखण्याच्या एका इंजेक्शननं सुरुवात झाली, असं म्हणाला. खरं-खोटं तोच जाणे. मला ते खरं वाटलं. राग होता तितकाच जीवही तुटला, आणि दोन्ही अजून तसंच आहे.

ब्यूरोचे गृहस्थ तासाभरात पेढ्यांचा डबा घेऊन हजर झाले. "लड़के को हटा दिया. आप पेमेंट मत कीजिए. पुलिस में मत जाइए, बच्चे का करियर है." नऊ रात्रींचे पैसे त्यांनी खरंच घेतले नाहीत. नानांच्या नऊ रात्रींची किंमत त्यांच्या लेखी अकरा हजार सातशे रुपये होती. पेढे मी परत केले.

गोष्ट इथेच संपली असती. पण तो मुलगा घाईत आपली फाइल विसरून गेला होता. माझ्याकडे येण्याआधीच्या ड्यूटीचे चार्ट तीत होते. एका चार्टवर विजयनगरकडच्या एका घराचा फोन नंबर होता. मी फोन केला. पलीकडच्या वहिनी आधी गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "तुमच्याकडेही?" त्यांच्या घरातून नोव्हेंबरात ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाची इंजेक्शनं गेली होती. २०१८पासून ट्रॅमाडॉलही अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. ब्यूरोनं त्यांनाही हेच सांगितलं होतं, लड़के को हटा दिया. हटवला तो आमच्या घरी पाठवण्यासाठी. त्यांचा भला स्वभाव म्हणून त्यांनी पोलिसांत कळवलं नाही. मीही पेढे ठेवून घेतले असते तर तिसऱ्या घरात कोण होतं, कुणास ठाऊक.

मग मी भाचीला बसवून नोंदणी तपासली. नर्सेस रजिस्ट्रेशन अँड ट्रॅकिंग सिस्टीम नावाची देशपातळीवरची व्यवस्था आहे, तीत नोंदणीकृत नर्सला स्वतःचा राष्ट्रीय क्रमांक मिळतो. मध्य प्रदेशची नर्सिंग कौन्सिल भोपाळला आहे. मला वाटत होतं कागद खोटे निघतील. आपल्याकडे तशी भीती वाटावी अशीच परिस्थिती आहे. व्यापमच्या, म्हणजे राज्यातल्या प्रवेश आणि भरती परीक्षांच्या घोटाळ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१७च्या फेब्रुवारीत ६३४ जणांचे वैद्यकीय प्रवेश रद्द ठरवले. राज्यातल्या नर्सिंग कॉलेजांची सीबीआय चौकशी चालू असताना, २०२४च्या मे महिन्यात चौकशी करणाऱ्याच निरीक्षकाला लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली. २०२५च्या एप्रिलमध्ये दमोहच्या एका रुग्णालयात हृदयावर उपचार करणारा माणूस बनावट कागदपत्रं दाखवून डॉक्टर झाल्याच्या आरोपाखाली पकडला गेला.

पण या मुलाची नोंदणी खरी होती. कॉलेज खरं, क्रमांक खरा, नूतनीकरण झालेलं. नोंदणी तपासून मी त्याला अडवू शकले नसते. विजयनगरला जे घडलं ते रजिस्टरपर्यंत पोचलंच नव्हतं. पोचवणारी तीनच माणसं होती, ते कुटुंब, ब्यूरो आणि तो स्वतः, आणि तिघंही गप्प राहिले.

नाना झोपले की मी याबद्दल वाचत बसायची. इंग्लंडमध्ये हॅरोल्ड शिपमन नावाच्या डॉक्टरला १९७६ साली पेथिडीन या मॉर्फीनसारख्या वेदनाशामकाच्या खोट्या चिठ्ठ्या लिहिल्याबद्दल कोर्टानं ६०० पौंड दंड केला. त्याला स्वतःलाच व्यसन होतं. तिथल्या मेडिकल कौन्सिलनं पत्रानं ताकीद दिली आणि प्रकरण मिटवलं. १९७७ साली तो दुसऱ्या गावी पुन्हा फॅमिली डॉक्टर झाला. २००० साली पंधरा रुग्णांच्या खुनांबद्दल त्याला जन्मठेप झाली, आणि पुढच्या चौकशीत बळींचा आकडा २१५वर गेला. बहुतेक म्हाताऱ्या बायका, मॉर्फीनच्याच जातीच्या इंजेक्शननं मारलेल्या. आमच्याकडच्या मुलाची मी त्या माणसाशी मुळीच तुलना करत नाही. व्यसनी माणूस खुनी नसतो. पण शिपमनच्या नव्या गावातल्या त्या बायकांना १९७६चा कोर्टाचा कागद माहीत नव्हता, हे वाचून मी रात्रभर जागी होते.

ऑस्ट्रेलियात नियम असा आहे की डॉक्टर असो, नर्स असो, बारा महिने किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप लागला, तर सात दिवसांत त्यानं स्वतःच नियामक मंडळाला कळवायचं. काम करण्यावर अटी घातल्या गेल्या तर त्या सहसा लोकांना रजिस्टरवर दिसतात. आपल्याकडे असं काहीच नाही असं म्हणता येणार नाही. डॉक्टरांच्या २००२च्या आचारसंहितेत कोर्टानं नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरवणं हे व्यावसायिक गैरवर्तन मानलं आहे. गर्भलिंग तपासणीच्या कायद्यात तर कोर्ट आणि कौन्सिल यांच्यात पक्का सांधा आहे. कोर्टात आरोप निश्चित झाले की राज्याच्या मेडिकल कौन्सिलला कळवायचं, ती निलंबित करू शकते. दोषी ठरला तर पहिल्यांदा पाच वर्षं रजिस्टरमधून नाव बाहेर, दुसऱ्यांदा कायमचं. तो सांधा मुलींसाठी जोडता आला. अंथरुणाला खिळलेल्या, बोलता न येणाऱ्या माणसासाठीही तो जोडावा, असं मला मनापासून वाटतं.

पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला, पोच घेतली. कौन्सिलकडे रजिस्टर्ड पोस्टानं तक्रार पाठवली, सोबत चार्टच्या प्रती, डॉक्टरांचं पत्र आणि विजयनगरच्या वहिनींचं निवेदन. त्यांनी ते दिलं, त्याबद्दल त्यांचे उपकार आहेत. माझ्या अर्जात मी लिहिलं की या मुलाला उपचार मिळावेत. अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४अ मध्ये, स्वतःहून व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला काही मर्यादेत खटल्यापासून सूट मिळू शकते. तो बरा होऊन पुन्हा काम करू लागला तर मला आनंदच होईल. पण औषधाच्या कपाटाची किल्ली ज्याच्या हाती द्यायची, त्याच्याबद्दल पुढच्या घराला माहीत असलं पाहिजे. या ब्यूरोला पाचपैकी एक तारा, तोसुद्धा वेळेवर येण्याबद्दल.

दुसरा ब्यूरो रामबागेतल्या एका काकूंनी सुचवला. चालवणाऱ्या सिस्टर मूळच्या केरळच्या, तीस वर्षं इंदूरच्या रुग्णालयांत काम करून निवृत्त झालेल्या. रात्रीचे सोळाशे, म्हणजे तीनशे जास्त. मी फोनवर मॉर्फीन आहे म्हणताच त्यांनी दराचं बोलणं थांबवलं आणि आधी विचारलं, "गोळ्या कुठे ठेवता? किल्ली कुणाकडे असते?" तेव्हाच मला हायसं वाटलं.

येणाऱ्या नर्सच्या नोंदणीची आणि पोलीस पडताळणीची प्रत त्यांनी आदल्या दिवशी पाठवली. आधीच्या दोन घरांचे नंबर दिले आणि म्हणाल्या, माझ्यावर विश्वास ठेवू नका, त्यांना विचारा. पहिल्या दिवशी स्वतः आल्या, कुलपाची छोटी पेटी आणि एक वही घेऊन. मॉर्फीनची पेटी घरच्या माणसानं उघडायची. पत्त्यातून गोळी दोघांसमोर काढायची, दोघांसमोर विरघळवायची, पाजायची आणि मगच दोन सह्या. ड्यूटी बदलताना मोजणी, पुन्हा दोन सह्या. रिकामा पत्तासुद्धा टाकायचा नाही. मी त्यांना गोड गोळीची हकिगत सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणून तर दीदी, गिनती नहीं, पिलाना देखना पड़ता है." त्यांच्या एका जुन्या सहकारी बाईचं असंच झालं होतं, तिला त्यांनीच उपचारांना नेलं होतं. ती आज शाळेत हेल्थ सिस्टर आहे, औषधांशी संबंध नसलेल्या कामावर. हे सांगताना त्यांचा आवाज जड झाला होता.

त्यांच्याकडून आलेली मुलगी झाबुआकडची, अबोल. आठवड्यात "नाना, दुखतंय का?" एवढं मराठी शिकली. पहिल्या रात्री दहाच्या गोळ्या घेतल्यावर नानांनी तोंड वाकडं केलं आणि खडीसाखर मागितली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. त्या रात्री ते पहाटे पाचपर्यंत झोपले.

उणिवा आहेत. बदलीची नर्स मिळायला दोन दिवस लागतात, त्यांच्याकडे माणसं कमी आहेत. रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगांची मोठी मिरवणूक, निघते तेव्हा रस्ते बंद असतात, हे ठाऊक असूनही पर्यायी वेळ ठरवली नव्हती. दिवसाची नर्स अडीच तास उशिरा आली आणि रात्रीची मुलगी न कुरकुरता थांबली. बिल हातानं लिहिलेलं देतात, विम्याच्या कामाला ते चालत नाही, मागून छापील घ्यावं लागलं. आणि दोन सह्यांच्या पद्धतीमुळे घरचं एक माणूस रात्री दहाला आणि पहाटे सहाला जागं लागतंच. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला हे कसं जमेल, असं मी सिस्टरना विचारलं. अशा दोन घरी त्या स्वतः रोज रात्री व्हिडिओ कॉलवर दुसरी सही करतात. साडेचार तारे.

ब्यूरोला फोन कराल तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा: "तुमच्याकडून काढलेल्या माणसाची तक्रार तुम्ही कुणाकडे केलीत?" पहिल्या गृहस्थांना मी तो नंतर विचारला. त्यांनी फोन ठेवला. सिस्टरनी दोन पत्रांच्या प्रती दाखवल्या, नावं झाकून.

गुढीपाडव्यानंतर सहाव्या दिवशी नाना गेले. शेवटचा आठवडाभर ते शांत होते. तेरावं झाल्यावर सिस्टर स्वतः पेटी न्यायला आल्या. उरलेलं मॉर्फीन घरात ठेवायचं नाही, रुग्णालयात परत करायचं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी बसलो. चौदा गोळ्या होत्या. त्यांनी मोजल्या, मी मोजल्या, वहीच्या शेवटच्या ओळीत दोघींनी सह्या केल्या. मग त्यांनी खडीसाखरेच्या वाटीकडे बघितलं आणि विचारलं, ही मी नेऊ का, त्या मुलीनं मागितली आहे.